शाळा निवडण्याआधी दाखला काढायचा दिवस ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवऱ्याची तीन वर्षांसाठी परदेशात बदली झालीय, ऑगस्टमध्ये निघायचंय, करार कदाचित वर्षभराने वाढेल. थोरला तेरा वर्षांचा, धाकटी सात. दोन आंतरराष्ट्रीय शाळा डोळ्यांसमोर आहेत. पहिली नवीकोरी आहे, पोहण्याचा तलाव, थिएटर आणि आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) अभ्यासक्रम, कंपनीने सुचवलेल्या वस्तीपासून दहा मिनिटांवर. दुसरी जुनी, इमारत साधी, ब्रिटिश अभ्यासक्रम, त्याच वस्तीतून बसने पन्नास मिनिटं. घर अजून घेतलेलं नाही. यातली चांगली कुठली?

मी सतरा वर्षं अशा शाळांच्या प्रवेश विभागात काढली, तीन देशांत. टेबलाच्या अलीकडून बघितलं की एक गोष्ट लगेच लक्षात येते. आई-बाबा शाळेत शिरतानाचे प्रश्न विचारतात आणि शाळेतून बाहेर पडतानाचे विसरतात. तुम्ही तिथे कायमचे राहायला चाललेला नाही आहात. तीन वर्षांनी, नाहीतर चार वर्षांनी, तुम्ही दोन्ही मुलांचे दाखले काढणार. त्या दिवशी मुलं कुठल्या इयत्तेत असतील, हातात कुठला कागद असेल आणि पुढची शाळा तो कागद मानेल का, एवढं आधी वहीत लिहा. तलाव नंतर.

‘इंटरनॅशनल’ या शब्दावर कुणाची मालकी नाही. कुठल्याही शाळेने पाटीवर लावावा. या शाळांचा जन्म मात्र तुमच्यासारख्याच कुटुंबांसाठी झाला. १९२४ साली जिनिव्हात लीग ऑफ नेशन्स आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेतल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी अशी शाळा निघाली. पुढे १९६८ मध्ये त्याच शहरात आयबीची स्थापना झाली, कारण एका देशात शिकलेल्या मुलाला दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात घालायचं तर सगळीकडे चालेल असा एक कागद हवा होता. आजही शाळेला विचारायचा पहिला प्रश्न तोच: तुमचा कागद कुठे कुठे चालतो?

आता थोरल्याचा हिशेब करू, कारण तुमचा निर्णय त्याच्यावरच अडणार आहे.

ब्रिटिश पद्धतीत ३१ ऑगस्टला पूर्ण झालेल्या वयातून चार वजा केले की इयत्ता निघते. तेरा पूर्ण म्हणजे इयर ९, सात पूर्ण म्हणजे इयर ३. अमेरिकी पद्धतीत हेच आकडे एकाने कमी, म्हणजे ग्रेड ८ आणि ग्रेड २. ऐकायला किरकोळ वाटतं, पण याच एका आकड्याने मी एका मुलाचं वर्ष गेलेलं पाहिलंय. वडिलांनी मुलाची सहावी ग्रेड संपवून आणली होती. ब्रिटिश शाळेच्या अर्जात ‘प्रवेश कोणत्या वर्गासाठी’ या रकान्यात त्यांनी सरळ सात लिहिलं. हवं होतं इयर ८. जन्मतारीख कट-ऑफच्या जवळची होती, त्यामुळे शाळेतल्या कुणाला शंका आली नाही. ऑक्टोबरात पोरगं घरी येऊन म्हणालं, बाबा, हे गणित माझं मागच्या वर्षी झालंय. तोवर वरचा वर्ग भरला होता. तेव्हा अर्ज भरताना ग्रेड की इयर हे शब्दांत लिहा आणि शाळेने नेमलेला वर्ग ईमेलवर मागून घ्या.

तुमचा थोरला ब्रिटिश शाळेत गेला तर इयर ९, १० आणि ११ अशी बरोब्बर तीन वर्षं होतात. इयर १० आणि ११ मिळून आयजीसीएसईचा, म्हणजे ब्रिटिश पद्धतीतल्या दहावीच्या पातळीच्या परीक्षेचा, दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. शेवटच्या परीक्षा साधारण मे-जूनमध्ये, निकाल ऑगस्टमध्ये. म्हणजे तीन वर्षांनी तो बाहेरच्या परीक्षा मंडळाचं प्रमाणपत्र घेऊन निघतो आणि पुढची दोन वर्षं कुठेही नव्याने सुरू करू शकतो. याहून स्वच्छ थांबा सापडणं कठीण. अडचण एकच: मायदेशातलं शालेय वर्ष ऑगस्टच्या आधी सुरू होत असेल, तर निकाल येईपर्यंत तात्पुरता प्रवेश मिळतो का, हे तिकडच्या शाळेला आत्ताच विचारून ठेवा.

आयबीच्या शाळेत तो मधल्या टप्प्यात, एमवायपीत शिरेल. हा टप्पा पाच वर्षांचा, अकरा ते सोळा वयाचा. तुमचा मुलगा तिसऱ्या वर्षात येईल आणि पाचव्याच्या शेवटी निघेल. हिशेब इथेही जुळतो, पण कागदाचं काय? एमवायपीच्या शेवटची बाहेरची परीक्षा, जिला ई-असेसमेंट म्हणतात, ऐच्छिक आहे आणि कित्येक शाळा ती घेतच नाहीत. मग हातात उरतं ते मुख्यतः शाळेचं स्वतःचं प्रगतिपुस्तक. पुढे दुसऱ्या आयबी शाळेत जायचं असेल तर तेवढं पुरतं. मायदेशातल्या एखाद्या मंडळाने ‘दहावीच्या पातळीची परीक्षा उत्तीर्ण’ असा पुरावा मागितला, तर पुरेलच असं नाही. त्यामुळे ‘ई-असेसमेंट घेता का, कुठल्या विषयांची, गेल्या वर्षी किती मुलं बसली’ हे तीन प्रश्न त्या नव्या शाळेला विचाराच.

आणि करार चौथ्या वर्षात गेला तर? हे तुम्ही एका ओळीत उरकलंय, पण गोम इथेच आहे. चौथं वर्ष म्हणजे इयर १२, ए-लेव्हल किंवा आयबी डिप्लोमा या विद्यापीठाआधीच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचं पहिलं वर्ष. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या मध्यावर दाखला काढणं याच्याइतकं वाईट वेळापत्रक नाही. मी एक मुलगी पाहिलीय, इयर ११ च्या जानेवारीत आलेली. परीक्षा मेमध्ये. आधीच्या शाळेत तिने इतिहासाचे जे कालखंड शिकले होते ते आमच्या शाळेने निवडलेच नव्हते, साहित्याची पुस्तकं वेगळी, विज्ञानाचं परीक्षा मंडळ वेगळं. मुलगी हुशार होती. तरीही तिला इयर १० पुन्हा करावं लागलं, आणि तिच्यापेक्षा तिच्या आईला रडू जास्त आलं. म्हणून कंपनीकडे आजच एक अट घाला: मुदतवाढ द्यायची तर एका वर्षाची नाही, दोन वर्षांची, आणि तो निर्णय तिसऱ्या वर्षाच्या जानेवारीपर्यंत. मनुष्यबळ विभागाला हे समजावून सांगितलं तर बहुधा पटतं. वेगवेगळ्या इयत्तांतली मुलं हलवण्याचा अनुभव त्यांनाही असतो. नाहीच पटलं, तर चौथ्या वर्षी आई आणि मुलगा आधी परततील का, याचा अवघड विचार आत्ताच करून ठेवलेला बरा.

नव्या शाळेबद्दल एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, कदाचित विचारलेलीही नसेल. आयबीच्या शाळांमध्ये ‘वर्ल्ड स्कूल’ आणि ‘कॅन्डिडेट स्कूल’ असा फरक असतो. कॅन्डिडेट म्हणजे उमेदवार, मान्यता मिळायची बाकी. पत्रकात दोन्ही जागी आयबीचंच नाव झळकतं, उमेदवारीचा शब्द तळाला बारीक अक्षरात. शिवाय मान्यता प्रत्येक टप्प्याची वेगळी असते: लहानांचा पीवायपी, मधला एमवायपी, वरचा डिप्लोमा. प्राथमिकला मान्यता असलेली शाळा डिप्लोमालाही मान्य असेल असं समजू नका. आयबीच्या संकेतस्थळावर शाळेचं नाव टाकलं की कुठल्या टप्प्याला कधीपासून मान्यता आहे ते दिसतं, पाच मिनिटांचं काम आहे. ब्रिटिश शाळेच्या बाबतीत ती केंब्रिज किंवा पिअरसन या परीक्षा मंडळांचं नोंदणीकृत केंद्र आहे का ते बघा, आणि ब्रिटिश सरकारमान्य ‘ब्रिटिश स्कूल्स ओव्हरसीज’ योजनेखाली तपासणी झाली असेल तर अहवाल वाचा. हे अहवाल जाहीर असतात. प्रत्येक अहवालाच्या पहिल्या दोन पानांवर कौतुकच असतं. ‘सुधारणेस वाव’ हा भाग आधी उघडा. सीआयएस, कोबिस, निआस्क, वास्क अशी नावं दिसली तर ती बाहेरच्या संस्थांची मान्यता किंवा सभासदत्व असतं. चांगली खूण आहे, पण शेवटची भेट कुठल्या वर्षी झाली ते विचारायचं.

शाळेचे निकाल बघायचे तेही थोडे तिरक्या नजरेने. डिप्लोमा एकूण ४५ गुणांचा: सहा विषय प्रत्येकी सातचे, वर निबंध आणि ज्ञानमीमांसा मिळून तीन. जगाची सरासरी साधारण ३० च्या आसपास असते. एखादी शाळा ३६ सरासरी सांगते तेव्हा मी विचारते, पहिल्या वर्षी वर्गात किती मुलं होती आणि परीक्षेला पूर्ण डिप्लोमासाठी किती बसली. पंचवीसची चौदा झाली असतील, तर बाकीची अकरा कुठे गेली? कुणाची बदली झाली असेल, कुणाला पूर्ण डिप्लोमा सोडून सुट्या विषयांकडे वळवलं असेल. यात दरवेळी काळंबेरं असतंच असं नाही, पण उत्तर देताना समोरच्याची चुळबुळ होते का, ते बघण्यासारखं असतं.

थोरल्याला पुढे काय करायचंय याचा अंदाज असेल तर विषयांची गुंतागुंत आताच कानावर घाला. डिप्लोमात विषयांचे सहा गट असतात, आणि नेहमीच्या चौकटीत भौतिक, रसायन, जीव असे तिन्ही विज्ञान विषय एकत्र बसत नाहीत. मायदेशातल्या वैद्यकीय प्रवेशाला ते तिन्ही लागत असतील तर शाळेमार्फत आयबीकडून खास परवानगी काढावी लागते, विद्यापीठाच्या अटीचा कागद जोडून. गणिताचेही २०१९ पासून दोन मार्ग झाले आहेत, एए (विश्लेषणावर भर) आणि एआय (उपयोजनावर भर). अभियांत्रिकीला जाणाऱ्याने एआय घेतलं, आणि तेही खालच्या पातळीवर, तर अनेक विद्यापीठांची दारं पंधराव्या-सोळाव्या वर्षीच बंद होतात. आयजीसीएसईतसुद्धा असाच सापळा आहे. विज्ञान ‘कम्बाइन्ड’ घेतलं की तीन विषयांऐवजी कमी खोलीचा एकत्रित अभ्यास होतो. वेळापत्रक हलकं होतं, मुलं खूश होतात, आणि पुढे इयर १२ मध्ये भौतिकशास्त्राच्या पहिल्याच प्रकरणाला घाम फुटतो. आयजीसीएसईचे विषय इयर ९ च्या मध्यावर निवडतात. म्हणजे तुमच्या मुलाला तिथे पोचून जेमतेम पाच-सहा महिने झाले असतील.

शाळा बघायला जाल तेव्हा मुख्याध्यापकांच्या सादरीकरणावर वेळ घालवू नका. ती सगळीकडे सारखीच असतात. प्राथमिकच्या भिंती बघा. वीस मुलांची वीस चित्रं हुबेहूब एकसारखी असतील तर ती बाईंनी काढून घेतलेली आहेत. कुठे वाकडं घर, कुठे जांभळा सूर्य, एखाद्या वहीत खोडाखोड तशीच ठेवून खाली शिक्षिकेने प्रश्न लिहिलेला, असं दिसलं की मी आत थांबते. शाळा दाखवायला बहुतेक ठिकाणी एखादा मोठा विद्यार्थी सोबत देतात. त्याला विचारा, ‘नवीन मूल आलं तर पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते कुणाजवळ बसतं?’ एका शाळेत मुलीने क्षणभरही न थांबता जोडीदार ठरवण्याची पद्धत सांगितली, दोन आठवड्यांनी जोडीदार बदलतो हेसुद्धा. दुसऱ्या शाळेतला मुलगा गोंधळला आणि म्हणाला, ‘बसतं कुठेतरी.’ त्या शाळेचं थिएटर फार सुंदर होतं.

शिक्षकांबद्दल एकच प्रश्न: गेल्या जूनमध्ये किती जण गेले? या क्षेत्रात करार बहुधा दोन वर्षांचे असतात, त्यामुळे थोडी ये-जा गृहीतच आहे. पण पाचात दोन दरवर्षी जात असतील आणि मुख्याध्यापकही तीन वर्षांत तिसरे असतील, तर आत काहीतरी शिजतंय. नव्या शाळेला हा प्रश्न जास्त जपून विचारा. पहिल्या करारांची मुदत संपते त्या वर्षी नव्या शाळांमध्ये मोठी गळती होते.

धाकटीचं सोपं आहे, असं सगळे म्हणतात. अभ्यासक्रमाच्या बाबतीत खरंही आहे. सातव्या वर्षी पीवायपी की ब्रिटिश, याने पुढे काही अडत नाही. तिच्या बाबतीत बघायची ती भाषा. जिम कमिन्स या भाषातज्ज्ञाने १९७९ मध्ये मांडलेला भेद आमच्या कचेरीत रोज उपयोगी पडायचा: बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा वेगळ्या वेगाने येतात. खेळताना, भांडताना लागणारी भाषा साधारण दोन वर्षांत बसते. पुस्तक वाचून समजून उत्तर लिहिण्याची भाषा समवयस्कांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. शाळा पहिलं बघून म्हणते, आता हिला मदतीची गरज नाही. म्हणून इंग्रजीच्या जादा तासांबद्दल विचारा. मदत वर्गातच मिळते की बाहेर नेऊन, त्या वेळेत कुठला विषय बुडतो, त्याची वेगळी फी आहे का आणि मदत थांबवायचं कोण, कशावरून ठरवतं.

दुसरी बाजू तुमच्या घरात आहे. सातव्या वर्षी मराठी अक्षरं नुकती बसलेली असतात. तीन वर्षं हात लावला नाही तर ती बोलेल, पण वाचणार नाही. रोज पंधरा मिनिटं मराठी वाचन, शाळेच्या अभ्यासाआधी. ‘घरी इंग्रजीच बोला’ असा सल्ला एखाद्या शिक्षिकेने दिला, तर मान डोलवा आणि घरी येऊन मराठीतच बोला. घरची भाषा पक्की असलेली मुलं दुसरी भाषा जास्त चांगली उचलतात, हे मी वर्गागणिक पाहिलंय. थोरल्याबद्दलही सांगून ठेवते: आयबी डिप्लोमात शाळेत शिक्षक नसलेल्या मातृभाषेचं साहित्यसुद्धा स्वयंअध्ययनाने, स्टँडर्ड पातळीवर घेण्याची सोय आहे. पुढेमागे कुठे डिप्लोमा केला तर विचारा.

मुलाला वाचनाची, लक्ष देण्याची किंवा इतर कुठली अडचण असल्याचा अहवाल असेल तर तो अर्जासोबत द्या. तुम्ही असं काही लिहिलेलं नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला लागेल. लपवून प्रवेश मिळतो, टिकत नाही. कराराच्या छापील अटींमध्ये ‘माहिती दडवल्यास प्रवेश रद्द’ हे कलम बहुधा असतंच.

पैशांचं. कंपनी ‘शिक्षणाचा खर्च’ देते म्हणजे नेमकं काय देते, ते कलमवार लिहून घ्या. वार्षिक फीखेरीज अर्जाची फी, परत न मिळणारी नोंदणी, इमारतीच्या नावाने घेतलेली भांडवली फी, डिपॉझिट, बस, परीक्षा फी, काही ठिकाणी डिबेंचर (शाळेला द्यायची कर्जरोख्याची रक्कम), असा सगळा तांडा मागून येतो. वरच्या वर्गांची फी खालच्यापेक्षा जास्त असते, तेव्हा आजच्या फीला तीनने गुणू नका, त्या त्या वर्षाच्या इयत्तेची फी बघा. सोडताना बहुतेक शाळांना पूर्ण एका टर्मची लेखी सूचना लागते. उशीर झाला की त्या टर्मची फी गेली. आणि शाळेच्या करारावर सही कुणाची? तुमची असेल तर कंपनीने हात वर केले तरी देणं तुमचंच. नोकरी मध्येच संपली तर चालू शालेय वर्षाची फी कंपनी भरेल, हे वाक्य नेमणूकपत्रात असायलाच हवं.

आता तुमच्या दोन शाळा. मी असते तर थोरल्याला जुन्या ब्रिटिश शाळेत घातलं असतं, त्या इयर ११ च्या स्वच्छ थांब्यासाठी. नवी शाळा एमवायपीला पूर्ण मान्यताप्राप्त असेल, ई-असेसमेंट घेत असेल आणि तुम्ही पुढेही आयबीतच राहणार असाल, तरच मत बदलेन. आणि ती पन्नास मिनिटं? तुम्ही घर घेतलेलंच नाही ना अजून. मग शाळा आधी ठरवा आणि घर तिच्याजवळ घ्या. कंपनीने सुचवलेली वस्ती कंपनीच्या कचेरीला जवळ असते. नवरा एकटा प्रवास करेल, दोन मुलं नाही. तरी घर दूरच पडलं तर शाळेच्या दिवशी, बसच्या वेळेला, स्वतः गाडीतून तो रस्ता एकदा करून बघा. बस आणखी आठ ठिकाणी थांबते हे धरून. दोघांना दोन शाळांत घालायचा मोह होईल. दोन सुट्ट्यांची वेळापत्रकं, दोन पालकसभा आणि दोन बस सांभाळून दमलेल्या आया मी पुष्कळ पाहिल्यात. सातव्या वर्षाला दोन्ही शाळा चालतील, तेव्हा धाकटीला थोरल्याच्या मागे जाऊ द्या. शिवाय भावंडांना प्रवेशात बहुतेक ठिकाणी प्राधान्य मिळतं.

अर्ज मात्र या आठवड्यात करा, ऑगस्टची वाट बघू नका. इयर ९ मध्ये जागा तुटपुंज्या असतात. गेल्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं, लसीकरणाची नोंद, आणि शिक्षकांनी थेट शाळेला पाठवायचा गोपनीय अभिप्राय, हे लागतंच. तो अभिप्राय सुट्टी लागायच्या आधी सरांकडून पाठवून घ्या, कारण सुट्टीत कुणी ईमेल उघडत नाही. काही देशांत आधीच्या शाळेचा दाखला सरकारी शिक्क्यांनिशी लागतो, आणि त्या शिक्क्यांना कधीकधी महिनाभर जातो.

थोरल्याला कॅट-फोर किंवा मॅपसारखी, संगणकावर घेतली जाणारी तर्कशक्तीची किंवा भाषा-गणिताची चाचणी द्यावी लागेल. त्यासाठी क्लास लावू नका, फक्त नमुन्याचे प्रश्न एकदा दाखवा म्हणजे पडदा बघून तो दचकणार नाही. आणि धाकटीची मराठी पुस्तकं जहाजाने जाणाऱ्या सामानात टाकू नका, हातातल्या बॅगेत घ्या. ते खोके बऱ्याचदा शाळा सुरू होऊन महिना उलटला की पोचतात.